विश्लेषण : कुत्र्याला ‘ट्रिक’ शिकवण्याचे शास्त्र देणारे बी. एफ. स्किनर कोण होते?

एक ‘टक्’ असा आवाज, लगेच एक छोटा घास आणि भरपूर संयम. पाळीव कुत्र्याला खेळ शिकवण्याची आज जगभर वापरली जाणारी ही पद्धत एका मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून आली. त्याने हयातीत मानसन्मान मिळवले आणि तितकीच टीकाही ओढवून घेतली. काय होते त्याचे संशोधन? घरातल्या कुत्र्याशी त्याचा संबंध काय? आणि आपल्या हातातल्या मोबाइलशी?

२० मिनिटांत भिंतीवर झेप?

मे १९५२ मध्ये ‘लूक’ या अमेरिकेतील लोकप्रिय सचित्र नियतकालिकात ॲग्नेस नावाच्या डाल्मेशियन कुत्रीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. अंगावर काळे ठिपके असलेली ही कुत्री भिंतीवर उंच झेप घेताना त्यात दिसत होती. हे शिकायला तिला सुमारे २० मिनिटे लागली होती. त्यासाठी कुणी तिच्यावर ओरडले नव्हते, गळ्यातला पट्टा ओढला नव्हता, की काठी उगारली नव्हती. शिकवणारे गृहस्थ सर्कशीतले नव्हते आणि श्वानपथकातलेही नव्हते. ते हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव बर्‍हस फ्रेडरिक स्किनर.

काही महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९५१ मध्ये, ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात स्किनर यांचा प्राण्यांना कसे शिकवावे यावरचा लेख आला होता. कुणालाही घरच्या घरी आपल्या कुत्र्याला काही मिनिटांत नवे वर्तन शिकवता येईल, असा त्याचा आशय होता. ‘लूक’ने त्यांना ते करून दाखवायला सांगितले. स्किनर यांनी भिंतीवर आडव्या रेघा आखल्या. ॲग्नेसचे डोके आधीच्या रेघेपेक्षा थोडे वर गेले की छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकायचा आणि पाठोपाठ तिला खाऊ मिळायचा. जमले की रेघ वर सरकायची. फ्लॅश म्हणजे ‘बरोबर’ हे एकदा कुत्रीला कळल्यावर पुढचे काम तिनेच केले.

बालपण कसे गेले?

स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील सस्क्वेहॅना या रेल्वेच्या छोट्या गावात झाला. वडील वकील होते. ‘बर्‍हस’ हे नाव आईच्या माहेरच्या आडनावावरून आले. घरात आणि मित्रांत ते ‘फ्रेड’ होते. हातात हत्यारे आणि डोक्यात सतत काहीतरी जुळवाजुळव, असा हा मुलगा होता. टाकून दिलेल्या बॉयलरपासून त्याने वाफेवर चालणारी तोफ बनवली होती. तिच्यातून बटाट्याचे आणि गाजराचे तुकडे शेजाऱ्यांच्या छपरांवर जात. मित्रासोबत एल्डरबेरी विकताना पिकलेली आणि कच्ची फळे पाण्याच्या मदतीने वेगळी करण्याची युक्तीही त्याने काढली. रात्रीचे कपडे खुंटीवर टांगण्याची आठवण करून देणारी दोरी-पुलीची यंत्रणा तर खास आईच्या तक्रारीवरचा उपाय होता.

वडिलांनी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. आईने एकदाच, वाईट शब्द तोंडातून गेला म्हणून, साबणाने तोंड धुतले. मात्र गैरवागणुकीचे परिणाम काय होतात हे समजावे म्हणून वडिलांनी त्याला तुरुंग दाखवायला नेले होते. शिक्षेची भीती मनात कशी घर करते, याचा हा अनुभव त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवला. कॉलेजात असताना, १९२३ मध्ये, त्यांचा धाकटा भाऊ मेंदूतील रक्तस्रावाने अचानक गेला.

लेखक व्हायचे होते, मग प्रयोगशाळेत कसे?

न्यूयॉर्क राज्यातील हॅमिल्टन कॉलेजातून १९२६ मध्ये इंग्रजी साहित्यात पदवी घेतली, तेव्हा स्किनर यांना लेखक व्हायचे होते. त्यांच्या कथा वाचून कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांनी उत्तेजन देणारे पत्रही पाठवले होते. पदवीनंतर एक वर्ष ते आईवडिलांच्या स्क्रॅन्टनमधील घरी, माळ्यावरच्या खोलीत लिहायला बसले. लिहून फारसे काही झाले नाही. जहाजांच्या प्रतिकृती बनवण्यात आणि वाचण्यात वेळ गेला. आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही, या निष्कर्षाला ते आले. त्या काळाला त्यांनी पुढे आयुष्यातले अंधारे वर्ष मानले.

याच सुमारास त्यांच्या हाती रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांची पुस्तके आली. माणसाच्या मनात काय चालले असेल याचा लेखक अंदाज करतो. तो दिसेल अशा रीतीने काय करतो हे मात्र मोजता येते, हा विचार त्यांना पटला. १९२८ मध्ये ते हार्वर्डमध्ये मानसशास्त्र शिकायला गेले आणि १९३१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांपेक्षा वेगळे काय?

कुत्रा आणि प्रयोग म्हटले की पाव्हलॉव्ह आठवतात. अन्नाआधी ठरावीक आवाज वारंवार ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवले. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला ‘अभिजात अभिसंधान’ म्हणतात. पण लाळ सुटणे ही आपोआप होणारी क्रिया. कुत्रा तिथे काही ‘करत’ नाही. पंजा देणे, गोल फिरणे, चेंडू आणून टोपलीत टाकणे यांत तो स्वतःहून हालचाल करतो. ती हालचाल पुन्हा होईल की नाही, हे कशावर ठरते?

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून याचे पहिले उत्तर दिले होते : ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती पुन्हा केली जाते. स्किनर यांनी याच धाग्याला मोजमापाची जोड दिली. त्यांनी एक पेटी बनवली. आत उंदीर, भिंतीवर दांडी. दांडी दाबली की खाण्याची गोळी पडणार. किती वेळा, किती वेगाने दाबली गेली याचा आलेख बाहेर आपोआप उमटणार. ही ‘स्किनर बॉक्स’ म्हणून ओळखली जाते, जरी त्यांना स्वतःला ते नाव फारसे आवडत नसे. कृतीच्या परिणामातून कृती घडण्याच्या या प्रक्रियेला ‘साधक अभिसंधान’ आणि कृती वाढवणाऱ्या परिणामाला ‘प्रबलन’ म्हणतात.

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे यातले अनेक शोध यंत्रातल्या गडबडीतून आले. गोळ्या टाकण्यासाठी त्यांनी अडगळीतली एक लाकडी चकती वापरली. तिच्या मधोमध एक दांडा होता, तो त्यांनी कापला नाही. पुढे त्या दांड्याला दोरा गुंडाळता येईल हे लक्षात आले आणि त्यातून आलेख काढणारे यंत्र तयार झाले. एकदा गोळ्यांचे यंत्र अडकले; उंदीर दांडी दाबत राहिला, पण खाणे पडेना. त्याचे दाबणे हळूहळू कसे कमी होते, याचा आलेख आयताच मिळाला. बक्षीस बंद झाले की वर्तन विरून जाते, या ‘विलोपना’चा तो पुरावा होता.

एका शनिवारी तर गोळ्याच संपत आल्या. त्या हाताने बनवाव्या लागत. प्रत्येक दाबण्याला गोळी देण्याऐवजी मिनिटाला एकच द्यावी, असे त्यांनी ठरवले. काटकसरीसाठी केलेल्या या बदलातून दिसले की अधूनमधून बक्षीस मिळाले तरी उंदीर दांडी दाबायचे सोडत नाही. उलट अशी लागलेली सवय बक्षीस थांबल्यावरही जास्त काळ टिकते. या निष्कर्षाकडे पुढे परत येऊ.

पिठाच्या गिरणीत काय सापडले?

स्किनर १९३६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. १९३८ मध्ये त्यांचे ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ हे पुस्तक आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये रेल्वेने प्रवास करताना, गाडीबरोबर उडणारा पक्ष्यांचा थवा पाहून त्यांना वेगळीच कल्पना सुचली : कबुतरे बॉम्बला दिशा देऊ शकतील का? बॉम्बच्या टोकाशी पडदा, पडद्यावर लक्ष्याचे चित्र आणि त्यावर चोच मारायला शिकवलेली कबुतरे. चोच मध्यापासून सरकली की बॉम्बची दिशा बदलणार. ‘जनरल मिल्स’ या पीठ बनवणाऱ्या कंपनीने ५,००० डॉलर दिले आणि मिनेआपोलिसमधील तिच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर काम सुरू झाले. पुढे सरकारनेही पैसे दिले. कबुतरे चाचण्यांत उत्तम निघाली, पण लष्करी समितीचा विश्वास बसला नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये प्रकल्प बंद झाला.

मात्र कुत्र्यांच्या दृष्टीने महत्त्वाची घटना याच मजल्यावर घडली. १९४३ मध्ये वॉशिंग्टनहून निर्णय येण्याची वाट पाहत स्किनर, केलर ब्रेलंड आणि नॉर्मन गटमन बसले होते. वेळ घालवायला त्यांनी एका कबुतराला बोलिंग शिकवायचे ठरवले. चोचीने लाकडी चेंडू ढकलायचा आणि खेळण्यातल्या पिना पाडायच्या. त्यांनी चेंडू ठेवला, बटण हातात धरले आणि कबुतर कधी चेंडू ढकलते याची वाट पाहिली. काहीच होईना.

मग त्यांनी अपेक्षाच बदलली. कबुतराने चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणे दिले. मग चेंडूजवळ गेले की. मग चोच लागली की. काही मिनिटांतच चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटू लागला. वर्तन पूर्ण होण्याची वाट न पाहता, त्याच्या दिशेने पडलेल्या प्रत्येक छोट्या पावलाला दाद देत पुढे नेण्याच्या या तंत्राला ‘शेपिंग’ म्हणतात. याआधी स्किनर पेटीतील दांडी, उंची, यंत्रे बदलून हेच साधत असत. १९३७ साली गाजलेल्या ‘प्लिनी’ या उंदराला दोरी ओढून गोटी मिळवायला आणि ती फटीत टाकायला त्यांनी असेच पायरीपायरीने शिकवले होते. पण यंत्र बाजूला ठेवून, समोरचा प्राणी पाहत, हातातल्या बटणाने हे इतक्या वेगाने करता येते, हे त्या दिवशी कळले. प्रयोगशाळेतले तंत्र घरातल्या बैठकीच्या खोलीत येण्याचा रस्ता तिथे उघडला.

१९५१ च्या लेखात काय होते?

इंडियाना विद्यापीठात काही वर्षे काढून स्किनर १९४८ मध्ये हार्वर्डला परतले. तिथे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्यांनी कबुतरांना टेबल टेनिससारखा खेळ शिकवला. दोन कबुतरे टेबलाच्या दोन टोकांना उभी राहून चोचीने चेंडू परतवत.

‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात त्यांनी प्रयोगशाळेची अटच काढून टाकली. लागणारे साहित्य तीन गोष्टींचे : भूक लागलेला प्राणी, खाण्याचे छोटे तुकडे आणि खूण म्हणून एक आवाज. आवाजासाठी त्यांनी सुचवले होते पत्र्याचे खेळणे. आपल्याकडे जत्रेत मिळते तसे, दाबले की ‘टक्’ वाजणारे.

हा आवाज कशाला? कारण उशीर घातक ठरतो. कुत्रा गोल फिरला आणि तुम्ही खिशातून बिस्किट काढेपर्यंत दोन सेकंद गेले. तेवढ्यात तो खाली बसला आणि तुमच्याकडे बघू लागला. मग बक्षीस गोल फिरण्याला मिळाले की बसण्याला? कुत्र्याच्या लेखी ते बसण्याला मिळाले. घास इतक्या वेगाने पोहोचवता येत नाही, आवाज पोहोचतो. म्हणून आधी ‘टक्’ आणि लगेच घास, असे अनेकदा करून आवाजाला अर्थ मिळवून द्यायचा. त्यानंतर तो आवाज छायाचित्रासारखे काम करतो : नेमका कोणता क्षण बरोबर होता, हे टिपतो.

इथे पाव्हलॉव्ह आणि स्किनर एकत्र येतात. आवाज म्हणजे खाऊ, हे कुत्रा पाव्हलॉव्हच्या नियमाने शिकतो. आवाज कसा मिळवायचा, हे स्किनरच्या. लेखातले उदाहरण साधे होते. स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटाच्या मुठीला कुत्र्याने नाक लावायचे. कपाटाकडे वळला की टक्, जवळ गेला की टक्, शेवटी नाक लागले तरच टक्.

घरच्या कुत्र्याला हे कसे शिकवायचे?

पद्धत आजही जवळजवळ तीच आहे. जेवणाआधीची वेळ निवडावी, पण कुत्र्याला उपाशी ठेवू नये. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे करावेत आणि ते त्याच्या रोजच्या आहारातून वजा धरावेत. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्यांसाठी विषारी असतात; ते बक्षीस म्हणूनही देऊ नयेत. आवाजासाठी बाजारात मिळणारा क्लिकर किंवा खटक्याचे बॉलपेन चालते. कुत्रा आवाजाला दचकत असेल तर एकच छोटा शब्द, नेहमी त्याच सुरात.

पहिली पायरी : टक्, घास. हे १५-२० वेळा. आवाज होताच कुत्रा खाऊसाठी तुमच्याकडे पाहू लागला की पुढे जायचे.

दुसरी पायरी : उघडा तळहात त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरावा. त्याने कुतूहलाने नाक लावले की त्याच क्षणी टक् आणि घास. लावले नाही, तर हाताकडे पाहिले तरी टक्. नाक लागू लागले की हात थोडा दूर, मग बाजूला, मग खाली न्यायचा.

तिसरी पायरी : हीच ‘नाक लावण्या’ची कृती खेळात बदलायची. तळहातावर रंगीत चिकटपट्टी लावून ती हळूहळू दाराला टांगलेल्या घंटीवर न्यायची, म्हणजे कुत्रा घंटी वाजवायला शिकतो. गोल फिरायला शिकवायचे तर डोके वळले की टक्, मग पाव फेरी, अर्धी, पूर्ण. खेळणी टोपलीत टाकण्याचा खेळही असाच तुकड्यातुकड्याने : उचलणे, टोपलीवर नेणे, सोडणे.

आज्ञेचा शब्द शेवटी येतो. ‘गोल’, ‘घंटी’ असे शब्द कृती नीट जमल्यावर, ती होण्याच्या ऐन आधी म्हणावेत. बहुतेक जण उलटे करतात. कुत्र्याला अर्थ माहीत नसलेला शब्द पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक मोठ्याने म्हणतात. एका वेळी तीन ते पाच मिनिटे पुरे. जमत नसेल तर मागच्या पायरीवर यावे आणि जमलेल्या कृतीवर खेळ थांबवावा.

शिक्षेला विरोध का?

स्किनर यांच्या आधी कुत्र्यांचे प्रशिक्षण प्रामुख्याने चुकीला शिक्षा या तत्त्वावर चाले. पट्ट्याला झटका, दरडावणे, प्रसंगी मार. १९३८ च्या पुस्तकातच त्यांनी याविषयी एक प्रयोग नोंदवला होता. दांडी दाबून खाणे मिळवायला शिकलेल्या उंदरांचे खाणे बंद केले आणि त्यातील काहींना दांडी दाबताच पंजावर हलका फटका बसेल अशी सोय केली. फटके बसत होते तोवर त्यांचे दाबणे एकदम घटले. फटके थांबल्यावर मात्र ते पुन्हा वाढले आणि अखेर एकूण हिशेब शिक्षा न झालेल्या उंदरांइतकाच भरला. शिक्षेने सवय पुसली नव्हती, फक्त दाबून ठेवली होती.

घरातल्या कुत्र्याला हे तंतोतंत लागू पडते. गालिच्यावर शू केली म्हणून ओरडा बसलेला कुत्रा बऱ्याचदा ‘गालिच्यावर करायची नाही’ हे शिकत नाही. ‘मालक समोर असताना करायची नाही’ हे शिकतो. मग सोफ्यामागे. शिवाय मार आणि मारणारा यांची त्याच्या मनात जोडी जमते. पुढे त्याच माणसाकडे बोलावल्यावर तो कचरतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

पुढच्या काळातील संशोधनाने शिक्षेबाबतचे चित्र अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दाखवले. तीव्र शिक्षेचा परिणाम दीर्घकाळ टिकू शकतो. पण तिच्यासोबत येणारी भीती, पळ काढण्याची वृत्ती आणि आक्रमकता हे स्किनर यांचे आक्षेप टिकून आहेत. शाळांतील शारीरिक शिक्षेलाही त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला.

कुत्र्यावरून मुलांच्या वर्गात कसे?

१९५१ च्या लेखाचा शेवट कुत्र्यावर नव्हता, माणसाच्या मुलांवर होता. शांत खेळणाऱ्या मुलाकडे घरात कुणी लक्ष देत नाही. ते किंचाळले की सगळे धावतात. म्हणजे आईवडीलच नकळत किंचाळण्याचे शेपिंग करत असतात, अशी त्यांची मांडणी होती. टेबलाखाली बसून भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प करण्यासाठी पोळीचा तुकडा टाकणारे घर हेच करत असते.

नोव्हेंबर १९५३ मध्ये धाकट्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला पालक म्हणून ते मागच्या बाकावर बसले होते. मुले गणिते सोडवत होती. काहींची लगेच झाली होती, काही अडली होती आणि उत्तर बरोबर की चूक हे मात्र कुणालाच वही तपासून येईपर्यंत कळणार नव्हते. कबुतरासाठी एक सेकंदाचा उशीर टाळणाऱ्या स्किनर यांना हे असह्य झाले. काही दिवसांतच त्यांनी शिकवण्याचे यंत्र बनवायला घेतले : छोटा प्रश्न, उत्तर, लगेच निकाल, मग आपल्या गतीने पुढचा प्रश्न. ती यंत्रे त्या काळी फार चालली नाहीत. पण आजच्या भाषा शिकवणाऱ्या आणि सराव परीक्षेच्या ॲपमध्ये हीच रचना दिसते.

टीका कशावरून झाली?

स्किनर यांच्यावरील काही आरोप निव्वळ अफवा होत्या. धाकट्या मुलीसाठी त्यांनी उबदार हवा खेळती ठेवणारा, काचेची बाजू असलेला पाळणा बनवला होता. त्यावरचा लेख १९४५ मध्ये एका महिला मासिकात पेटीतले बाळ अशा अर्थाच्या शीर्षकाने आला आणि अनेकांचा समज झाला की त्यांनी मुलीलाच स्किनर बॉक्समध्ये ठेवले. पुढे त्या मुलीने आत्महत्या केल्याची वावडीही उठली. मोठेपणी चित्रकार झालेल्या मुलीने २००४ मध्ये स्वतः लेख लिहून ती खोडून काढली.

काही टीका मात्र गंभीर होती. भाषेविषयीच्या त्यांच्या पुस्तकावर भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये कडक परीक्षण लिहिले. मूल कधीच न ऐकलेली वाक्ये बोलते, ते केवळ बक्षिसांनी कसे समजावणार, असा त्याचा रोख होता. दुसरा धक्का आपल्याच माणसांकडून बसला. गिरणीतल्या प्रकल्पातले केलर ब्रेलंड आणि त्यांची पत्नी मॅरियन यांनी प्राणी शिकवण्याचा व्यवसाय सुरू करून असंख्य जातींचे प्राणी शिकवले होते. १९६१ मध्ये त्यांनी लिहिले की रकूनला नाणे डब्यात टाकायला शिकवले, तर तो काही दिवसांनी नाणी एकमेकांवर घासत बसतो. डुकरे लाकडी नाणे वाटेत टाकून नाकाने उकरू लागतात. बक्षीस लांबते, तरीही. उपजत वृत्ती शिकवलेल्या वर्तनावर मात करते. बीगलचे नाक जमिनीवरून उठत नाही आणि टेरियर बाग उकरतो, त्याचे कारण इथे सापडते. कुत्र्याच्या स्वभावाशी जुळणारा खेळ निवडणे म्हणूनच सोपे जाते.

तिसरा आक्षेप नैतिक होता. १९७१ मधील ‘बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी’ या पुस्तकात स्किनर यांनी म्हटले की माणसाचे स्वातंत्र्य ही समजूत आहे; वर्तन परिस्थितीच घडवते, म्हणून ती परिस्थिती विचारपूर्वक रचावी. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर आणले आणि टीकाकारांनी विचारले : रचणार कोण आणि कुणाच्या फायद्यासाठी?

मोबाइलशी काय संबंध?

तो प्रश्न आज अधिक जवळ आला आहे. गोळ्या वाचवताना लागलेला शोध आठवा : बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, अनिश्चितपणे मिळाले तर सवय चिवट होते. जुगाराच्या यंत्राचे उदाहरण स्किनर स्वतः देत. समाजमाध्यमांवर बोट वर सरकवताना दहापैकी नऊ गोष्टी कंटाळवाण्या निघतात, एखादीच मस्त. ती एक कधी येईल हे माहीत नसते, म्हणून बोट थांबत नाही.

कुत्र्याबाबत हाच नियम दोन्ही बाजूंनी चालतो. नवी ट्रिक शिकवताना दर वेळी बक्षीस द्यायचे आणि पक्की झाल्यावर अधूनमधून, म्हणजे ती टिकते. पण जेवताना कुत्र्याने ताटाकडे टक लावली की नऊ वेळा नाही म्हणून दहाव्या वेळी घास टाकला, तर मागण्याची सवयही तशीच चिवट होते. कुत्र्याच्या खेळात निदान दोघांनाही काय चालले आहे ते ठाऊक असते. कंटाळा आला की तो उठून निघून जातो आणि आपल्याला थांबावे लागते.

अखेर कशी झाली?

१९६८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालेल्या स्किनर यांना १९८९ मध्ये रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. १० ऑगस्ट १९९० रोजी अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने त्यांचा जीवनगौरव केला. तिथे हातात कागद न घेता ते सुमारे १५ मिनिटे बोलले आणि मनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या सहकाऱ्यांवर नेहमीप्रमाणे टीका केली. १७ ऑगस्टपर्यंत ते एका लेखावर काम करत होते. १८ ऑगस्ट १९९० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे त्यांचे निधन झाले.

क्लिकर घरोघरी पोहोचलेला पाहायला ते नव्हते. हवाईत डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेने शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ मध्ये ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक लिहिले आणि १९९० च्या दशकात क्लिकरने कुत्रे शिकवण्याची लाट आली. आज अंध किंवा अपंग व्यक्तींना मदत करणारे आणि वासावरून स्फोटके शोधणारे कुत्रे तयार करतानाही खूण, घास आणि छोट्या पायऱ्या हे सूत्र मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

स्किनर यांच्या मोठ्या दाव्यांपैकी अनेक वादात अडकले. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मुठीचा प्रयोग मात्र कुणालाही आज संध्याकाळी करून पाहता येतो. तिथे कुत्रा शिकत नसेल, तर स्किनर यांच्या हिशेबात तो मठ्ठ नसतो आणि हट्टीही नसतो. खूण उशिरा झालेली असते, पायरी उंच पडलेली असते किंवा घास त्याच्या आवडीचा नसतो. या तिन्ही गोष्टी शिकवणाऱ्याच्या हातात आहेत.